फेस न धरलेलं पाणी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती गेली तेव्हाही माझ्या सत्काराचा फोटो तिच्या उशाशी भिंतीवर होता, आणि त्या फोटोत माझ्या अंगावरचा शर्ट पांढराशुभ्र होता. त्या शर्टाबद्दल सांगायचं आहे. म्हणजे, खरं तर शर्टाबद्दल नाही. पण तिथून सुरुवात केली तर पुढचं कदाचित तोंडातून निघेल.

तुम्ही म्हणाल, एका शर्टाचं काय एवढं? थांबा. मला वेळ लागेल. इतकी वर्षं लागली, आणखी थोडा लागू द्या.

मी मुदखेडजवळच्या एका लहानशा गावचा. वडील रेल्वेच्या रुळांखाली खडी भरायच्या कामावर होते, आई लोकांच्या रानात निंदायला-खुरपायला जायची. आमच्या बौद्धवाड्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिक झालं नव्हतं. मी झालो, आणि मग इंजिनियरही झालो. पण ‘मी झालो’ हे म्हणायला जीभ कचरते, कारण मला सगळ्यांनी मिळून केलं. विहारात दर पौर्णिमेला माझ्यासाठी वर्गणीचा डबा फिरायचा. गुरुजींनी स्वतःची पुस्तकं दिली. शेजारच्या काकूंनी कंदिलात स्वतःच्या घरातलं रॉकेल ओतलं. हे ऋण मी विसरलो नाही. विसरलो असतो तर कदाचित त्या सोमवारी जे केलं ते केलं नसतं — असं कधी कधी वाटतं. पण ती पळवाट झाली. पुसून टाका.

नोकरी लागली लातूरला. जिल्हा नवा नवा झाला होता. जुनी माणसं अजूनही सवयीनं सरकारी कामाला उस्मानाबादचं नाव घ्यायची आणि मग जीभ चावायची. त्यातच दुष्काळ पडला. गावोगावी हातपंप बसत होते, आणि बसले तितक्याच वेगानं झिजत होते — दिवसरात्र दांडा खालीवर. त्या पंपांच्या आतले पितळी भाग आमच्या कारखान्यात ओतले जायचे. कारखाना अप्पांचा. अप्पा म्हणजे लिंगायत व्यापारी माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की समोरच्यानं रागवावं की हसावं कळू नये. कोळशाची जुनी भट्टी मोडून त्यांनी गॅसची भट्टी बसवली होती. “कोळसा अडाणी माणसाला पण कळतो,” ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “ग्यास कळायला डिग्री लागते. म्हणून तुमाला आणलंय, इंजिनियर. नाहीतर तुमच्या पगारात माझ्या दोन म्हशी जगल्या असत्या.”

भट्टी जमिनीत होती. विटांनी अस्तर केलेला गोल खड्डा, त्यात पितळ वितळवायची मूस, बाजूला हवा फुंकणारा ब्लोअर. गॅसच्या टाक्या भिंतीबाहेर. तिथून नळी आत यायची आणि लोखंडी पत्र्याखालच्या चरातून खड्ड्याच्या बुडाशी बर्नरला जोडलेली असायची. हा गॅस हवेहून जड; चरात कुठं गळला तर वर न जाता खड्ड्यातच साचायचा.

भट्टी चालवायचे माणिकमामा. मुरुडकडचे. मला लातुरात खोली मिळेना — आडनाव विचारलं की मालकाला अचानक आठवायचं की खोली आधीच कुणाला तरी कबूल केलेली आहे — तेव्हा मामांनी स्वतःच्या घरामागची पडवी रिकामी करून दिली. मामी पहिल्या रात्रीच म्हणाल्या, “सायेब, आमच्यात चटणी लई तिखट असती बगा. डोळ्यात पाणी आलं तर घराची याद आली म्हनून सांगा, चटणीचं नाव खराब करू नगा.” माझ्याहून वयानं दुप्पट माणूस मला साहेब म्हणायचा आणि गल्लीत सांगत फिरायचा, “आमचा इंजिनेर हाय त्यो. नुसता वास घेतला तर सांगतो, पितळ किती तापलं.” मला असलं काही येत नव्हतं. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

आता सोमवार सांगतो.

सोमवार महादेवाचा. अप्पांचा उपास, आणि सकाळभर भट्टी थंड. या थंड वेळेत भट्टीची देखभाल करायची, हे माझं काम. बर्नरची भोकं तारेनं साफ करायची, ब्लोअरची जाळी झटकायची, अस्तराच्या भेगा भट्टीच्या मातीनं लिंपायच्या. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, टाकी उघडून बर्नरचा कॉक बंद ठेवायचा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस कुंच्यानं लावायचा. सांधा गळत असेल तर फेसात बुडबुडा फुगतो. फुगला नाही तर सांधा घट्ट. एवढी साधी गोष्ट. त्यासाठी पदवी लागत नाही — लागतं ते पाणी, साबण आणि प्रामाणिकपणा.

हे झालं की मी म्हणायचो, “झालं, अप्पा.” माझ्या त्या शब्दानंतरच अप्पा पुढे व्हायचे, तीन बोटं विभूतीत बुडवून भट्टीच्या अंगावर तीन पट्टे ओढायचे, बेल वाहायचे, आणि मग मामा भट्टी पेटवायचे. मी पूजेत उभा राहत नसे. पहिल्या सोमवारी अवघडून बाजूला सरकलो, तर अप्पा म्हणाले होते, “सरका की बाजूला, लाजताव कशाला? तुमचं ‘झालं’ हीच तुमची पूजा. तेवढी मात्र खरी करा.”

तेवढी मात्र खरी करा. इतकंच मागितलं होतं त्या माणसानं.

दुष्काळात त्या फेसाच्या पाण्याची चैनच होती. कारखान्याला टँकरचं पाणी मोजून-मापून मिळायचं. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात साबण नुसता दह्यासारखा फाटायचा. म्हणून फेसासाठी टँकरच्या गोड्या पाण्याची एक बादली अप्पा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. वाळूचे साचे करणाऱ्या सारजाबाई दर सोमवारी टोमणा मारायच्या, “लेकराला प्यायला न्हाई, अन् ह्यांच्या नळीला आंगुळ!” मी हसायचो. बादलीवर फळी झाकून ठेवायचो.

आता तो दिवस.

त्या सोमवारी संध्याकाळी गावी माझा सत्कार होता. विहारासमोर मांडव, सगळा वाडा जमणार, आसपासच्या गावांचीही माणसं येणार. आईनं निरोप पाठवला होता — पांढरा शर्ट घाल, शिकलेला दिस. पांढरा शर्ट एकच होता. आणि तो भट्टीच्या काजळीनं, घामानं, तेलाच्या बोटांनी असा झाला होता की पांढरा म्हणायला लाज वाटावी. मामींच्या घरी तीन दिवस नळ आला नव्हता. प्यायचं पाणी त्या दुरून डोक्यावर आणत होत्या. त्यांच्याकडे शर्ट धुवायला पाणी मागायचं? नाही मागितलं. तेवढी लाज होती मला.

मामांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “सायेब, ह्या शर्टावर हार घालून घेनार व्हय? लोकं म्हनतील, इंजिनेर केला का कोळसेवाला केला!”

“काय करू मामा, पाणी कुठंय?”

“ही काय बादली! शर्ट खळबळून काढा, अन् ऱ्हायलेलं पानी नळीला लावा. साबन त्योच, पानी तेच. नळीला काय समजतंय, आधी शर्ट धुतला का न्हाई?”

हे त्यांनीच सुचवलं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. पण त्यांना कुठं माहीत होतं? मला माहीत होतं. मळ आणि तेल मिसळलं की साबणाचा फेस मरतो. फेस नसेल तर बुडबुडा कशाचा येणार? गॅस निघून जातो आणि ओल तशीच राहते. हे मी शिकलो होतो. नुसतं शिकलो नव्हतो, मामांना एकदा ऐटीत समजावूनही सांगितलं होतं. ते विसरले. मी विसरलो नव्हतो.

मी शर्ट धुतला. सारजाबाई आतून ओरडल्या, “आज नळीचा उपास दिसतोय!” सगळे हसले. मीही हसलो. मामांनी ब्लोअर चालू करून शर्ट दोन हातांनी त्याच्यासमोर धरला — पताकेसारखा फडफडत होता, आणि मागून मामांचं हसू दिसत होतं.

बादलीत उरलं ते काळपट, गढूळ पाणी. वर चार-दोन बुडबुडे होते, तेही बघता बघता विझले. मी त्यात कुंचा बुडवला. टाकी उघडली, पत्रा उचलून चरात वाकलो आणि एकेका सांध्यावर ते पाणी लावत गेलो. कुठंही काही फुगलं नाही. कसं फुगणार? मी वास घेतला, पण आमच्या कारखान्यात साच्याच्या वाळूत कालवायला साखर कारखान्याची मळी असायची, तिच्या दर्पात दुसरा वास कधी कळला आहे का कुणाला? त्यात ब्लोअरचा वारा.

मी क्षणभर थांबलो, हे खरं आहे. वाकलेलाच थांबलो. मनात आलं होतं, अप्पांना सांगावं, बादली सांडली, दुसरी द्या. एक वाक्य. पण मग शर्ट दिसला असता. चिडले असते, किंवा त्याहून वाईट, काही न बोलता दुसरी बादली काढून दिली असती, आणि सारजाबाईंनी ते बघितलं असतं. आणि माझी नांदेडची एसटी चुकली असती.

मी टाकी बंद केली, पत्रा टाकला, हात पुसले.

“झालं, अप्पा.”

अप्पांनी तीन बोटं विभूतीत बुडवली. मी मागे वळून पाहिलं नाही. शर्ट अंगात घालून स्टँडकडे निघालो. मामा मागून ओरडले, “सायेब, भाषनात आमचं बी नाव घ्या की! म्हना, भट्टीवाल्यानं शर्ट वाळवला!”

नाही घेतलं मी त्यांचं नाव. मांडवात एवढी माणसं होती, गळ्यात एवढे हार — सुचलंच नाही. मी प्रामाणिक कष्टांवर बोललो. होय, त्यावरच बोललो. आई पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होती. फोटो तेव्हाचाच.

दुसऱ्या दिवशी लातूरला परतलो तेव्हा कारखान्याच्या दारातच कळलं. सारजाबाईंनी सांगितलं. पूजा झाली. मामांनी बाहेरची टाकी उघडली. तेवढ्यात पंपांच्या कामाचं विचारायला सरकारी माणूस आला, अप्पा त्याच्याशी बोलत राहिले. पेटवायचं थांबलं. मामा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, आणि त्यांनी बिडी शिलगावली. नुसता भपका झाला, सारजाबाई म्हणाल्या, आवाज पण मोठा नव्हता. दोन्ही हात आणि तोंड. एक डोळा जाईल म्हणतात.

अप्पांनी मला कोपऱ्यात नेलं. चेहरा उतरलेला होता. आज वाटतं, ते मला पकडायला नव्हे, सुटायला विचारत होते — आपल्या भट्टीनं आपल्या माणसाला जाळलं नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

“इंजिनियर, तुमी तपासलं होतं ना सगळं?”

मी म्हणालो, “हो अप्पा. एकाही सांध्याला बुडबुडा आला नाही.”

बघा — यातला एकही शब्द खोटा नाही. किती नीट वाक्य जमलं होतं. इंजिनियरचं वाक्य.

“मग बिडीच,” अप्पा म्हणाले. “पेटवताना कॉक ढिला ऱ्हायला असंल त्याच्याकडून, अन् वर बिडी. किती वेळा सांगितलं होतं.”

मी मान हलवली. नुसती मान. बिडीनं काय झालं असतं हो, सांधा घट्ट असता तर? आणि बिडी नसती तर? थोड्या वेळानं त्याच हातांनी त्यांनी पेटती चिंधी खड्ड्यात धरलीच असती, रोजच्यासारखी. भपका व्हायचाच होता. फक्त मग दोष द्यायला बिडी नसती.

सरकारी दवाखान्यात गेलो. मामांच्या तोंडाला पट्ट्या, हात दोन पांढऱ्या बोचक्यांसारखे. मामी पायाशी बसल्या होत्या. मामांनी आवाज ओळखला. पहिलं काय विचारलं असेल?

“सत्कार झाला का सायेब, झ्याक?”

मी हो म्हणालो.

“शर्ट उजळला हुता का फोटूत?”

मी पुन्हा हो म्हणालो. मग ते हळूच म्हणाले, “बिडीनं घात केला बगा. तुमी एवढं तपासून दिलं, अन् म्या खामखा तुमचं नाव खराब केलं. अप्पा तुमाला तर काय बोलले न्हाईत न्हवं?”

तिथं. तिथंच सांगायला हवं होतं. पलंगाची लोखंडी कड माझ्या मुठीत होती, ती मी इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला. तोंड उघडलंही. आणि म्हणालो — “नाही मामा. तुम्ही काळजी करू नका.”

आणखी एक राहिलं. यात शंकेचाही आडोसा उरत नाही.

आठवडाभर भट्टी बंदच होती. पुढच्या सोमवारी अप्पांनी नवी बादली दिली. फळी काढून माझ्यासमोर ठेवली. पाणी असं नितळ की बूड दिसावं. मी साबण कालवला, फेस उठला — पांढरा, दाट, बोटांवर उभा राहणारा. सगळे लांब उभे होते. मामांच्या जागी घेतलेल्या नव्या माणसाला भट्टीजवळ जायची भीती वाटत होती. मी चरात वाकलो. बर्नरच्या अलीकडच्या सांध्याला फेस लावला, आणि तो हलला. आधी एक, मग त्याच्या पोटातून दुसरा, मग बोराएवढा मोठा बुडबुडा फुगत फुगत आला, माझ्या चेहऱ्यासमोर थांबला आणि फुटला. पुन्हा आला.

अप्पा मागे विभूतीची वाटी धरून उभे. “काय निघालं का, इंजिनियर?”

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी पाना घेतला आणि नट आवळला. सहज आवळला, पुष्कळ सैल होता. फेस पुन्हा लावला. आता काही आलं नाही.

“काही नाही, अप्पा. झालं.”

विभूतीचे तीन पट्टे ओढले गेले.

मामांना अप्पांनी परत घेतलं नाही. औषधपाणी केलं, पण कामावर घेतलं नाही. भट्टीपाशी बिडी ओढणाऱ्याला पुन्हा भट्टीपाशी कसा उभा करू, इतरांना काय सांगू, असं म्हणाले. चूक कारखान्याची असती तर? त्याच अप्पांनी साचे करताना बोट चिरडलेल्या बाईला जन्मभर बसून काम दिलं होतं. मामांनाही दिलं असतं. हे मला तेव्हा कळत होतं. मामांची बोटं तळहाताकडे वळून तशीच आखडली. ते मामींना घेऊन मुरुडकडच्या गावी गेले. त्यांच्या पडवीतून माझी ट्रंक मी हलवली तेव्हा मामींनी वाटेत खायला धपाटे बांधून दिले.

मी पुढे मोठ्या नोकरीला लागलो. घर बांधलं. पोरं शिकली. यंत्रांच्या सुरक्षिततेवर कामगारांपुढे बोलायला मला आजही बोलावतात.

बऱ्याच वर्षांनी कामानं मुरुडला जाणं झालं, आणि पाय त्यांच्या गावाकडे वळले. सांगायला गेलो होतो का? शपथेवर नाही सांगू शकत. मामा पारावर बसले होते, एक डोळा मिटलेला. मला आवाजावरूनच ओळखलं. पारावरच्या तरण्या पोरांना म्हणाले, “उटा रे, सायेब आलेत!” आणि मग कौतुकानं सांगू लागले. तो प्रसंग त्यांनी पोरांना किती वेळा सांगितला असेल कोण जाणे, कारण पोरं पुढचं वाक्य आधीच म्हणत होती. “ह्या सायबानं सांदान् सांदा तपासून दिला हुता. अन् म्या बिडी पेटवली. म्हनून सांगतो भडव्यांनो, वडू नगा. ह्ये हात बगा.” आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

एका पोरानं कानामागची बिडी हळूच काढून खिशात टाकली.

मामी घरातून तांब्या घेऊन आल्या. उन्हाळा होता, त्या वर्षीही पाण्याची ओढ होती. तांब्या काठोकाठ भरलेला होता. मामांनी तो आपल्या वळलेल्या बोटांच्या बेचक्यात अडकवून स्वतः माझ्यापुढे केला. “घ्या सायेब.”

मी घेतला. उभ्यानं, सगळं पाणी प्यालो.

मामा आता नाहीत. त्यांच्या गावात ही गोष्ट अजून सांगितली जाते, आणि तिच्यात दोष त्यांचा असतो. सांधा सैल होता. पाण्याला फेस नव्हता. ते मला दिसत होतं, आणि मी ‘झालं’ म्हणालो.